आधी काटा, मग पाना

२१ नोव्हेंबर. गाडी विकली आहे. उद्या सकाळी दहाला लासूर स्टेशनचे पवार ती न्यायला येणार आहेत. पवार कांद्याचे आडते. गाडी त्यांना पसंत पडली, फक्त एक अट त्यांनी घातली. "ताई, समोरची ती दोन जादा मीटरं तेवढी काढून ठेवा. बघणाऱ्याला वाटतं, गाडीत काहीतरी उद्योग केलाय."

गाडीत उद्योग केलेलाच आहे. पण घेणाऱ्याची इच्छा. म्हणून आज दुपारचं काम ठरलं: दोन काटे उतरवायचे, भोकं बुजवायची, आणि सोळा वर्षांची गाडी कारखान्यातून आली तशी दिसेल अशी करून ठेवायची.

स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड आणि जुना टूथब्रश घेऊन चार वाजता पुढच्या सीटवर बसले. पहिल्या काट्याचे दोन स्क्रू सहज सुटले. काटा पुढं ओढला तर मागच्या रबरी नळीवर क्लिप होती, आणि क्लिपवर तांब्याची तार. तिचे तीन वेढे घट्ट बसवलेले आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.

मी पक्कड खाली ठेवली. अशा गोष्टींवर डोळे पुसत बसणारी बाई मी नाही. पण तार कापली नाही एवढं खरं.

ती तार युनूसचाचांची.

शहराच्या छावणी भागात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एका गाडीचं तोंड आत जाईल आणि शेपूट रस्त्यावर राहील एवढी जागा. मागच्या पडद्याआड घर. पाटीवर फक्त 'टर्बो' एवढा एकच शब्द, तोही त्यांनी स्वतः रंगवलेला. चाचा उंच, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेली. मेकॅनिकच्या अंगावर तेलाचे डाग असतात, यांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि छोटी पट्टी असायची. वाळूजच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं प्रेशरची मीटरं जुळवायचं, म्हणजे काटा खरं दाखवतो का ते तपासून नीट करायचं काम करत होते. कारखाना बंद पडला तेव्हा लोकांनी पंखे, कपाटं, खुर्च्या उचलून नेल्या म्हणे. चाचांनी साहेबांकडून रीतसर चिठ्ठी घेऊन एकच वस्तू आणली: पितळी घराचा, ताटलीएवढा एक मीटर. त्याला ते 'मास्टर' म्हणत. तो मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून लोखंडी पेटीत असे. दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी मास्टर बाहेर निघायचा, पायपंपाला जोडला जायचा, आणि आठवड्यात आलेला प्रत्येक नवा काटा त्याच्यासमोर हजर केला जायचा. सीलबंद डब्यातला असला तरी.

"डब्यातून आला म्हणजे खरा झाला का?" ते म्हणायचे. "माणसं बी घरातूनच येतात."

माझी त्यांची ओळख झाली ती घाटामुळं. मी डेअऱ्यांना दूध तपासायची यंत्रं विकते आणि दुरुस्त करते. माझी फेरी अजिंठ्याच्या पलीकडं, घाट उतरून खालच्या गावांत. जाताना उतार, येताना चढ, आणि येतानाच गाडीत बिघडलेली यंत्रं भरलेली. त्या वर्षी गाडी चढावर दम टाकायला लागली. मागं काळा धूर, पुढं वेग शून्य. एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरनं मला मागं टाकलं आणि वरून हॉर्न वाजवला. एका मोठ्या वर्कशॉपनं सांगितलं, टर्बो गेला, नवा घाला. कुणीतरी म्हणालं, आधी छावणीतल्या चाचांना ऐकवा.

दाखवा नाही, ऐकवा. लोक असंच म्हणत.

चाचा शेजारच्या सीटवर बसले, बेल्ट लावला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. "चला."

"कुठं?"

"कुठं बी. फक्त बोलू नका."

नगर नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो. माणूस झोपला की काय अशी मला शंका. दुकानासमोर थांबल्यावर डोळे उघडून म्हणाले, "टर्बो ठणठणीत हाय. इंटरकुलरचा पाइप खालून चिरलाय. बोटभर. उजव्या अंगानं."

गाडी वर घेतली. टर्बोची हवा थंड होऊन जिथून जाते तो पाइप खालून चिरलेला होता, उजव्या अंगानं. बोटापेक्षा जरासा कमीच.

पाइप बदलला, गाडी पूर्वीसारखी झाली. पण मला पूर्वीसारखी नको होती. मला भरल्या गाडीनं घाट चढायचा होता, त्या ट्रॅक्टरच्या पुढं. मी म्हटलं, "चाचा, टर्बोची हवा वाढवून द्या. लोक करतात."

"करतात," ते म्हणाले. "मग इंजिन उतरवायला बी माझ्याकडंच येतात."

इथं थोडं समजावून सांगते, कारण त्यांनी मला सांगितलं त्याहून सोपं कुणी सांगितलेलं नाही. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरतो. किती हवा कोंबायची यावर एक झडप पहारा करते. हवा जास्त झाली की झडप उघडते आणि पंख्याचा जोर मोडते. हवा जास्त झाली ही खबर झडपेला मिळते करंगळीएवढ्या एका रबरी नळीतून. हवा वाढवायची म्हणजे त्या नळीत एक छोटा पितळी कंट्रोलर बसवायचा. तो खबर जरा उशिरा पोचवतो. तेवढ्या उशिरात पंखा जास्त कोंबून घेतो. "पहारेकऱ्याला चहा पाजायचा," चाचा म्हणायचे. "एक कप पाजला तर ठीक. जेवायला बसवला तर घर लुटलं."

पण कंट्रोलर काही त्यांनी लगेच बसवला नाही. त्यांनी दोन काटे बसवले. एक हवेचा, एक तापाचा: म्हणजे इंजिनातून निघणारा धूर किती तापलाय ते दाखवणारा. मग खिशातलं पेन आणि पट्टी काढून शंभर पानी वहीत रकाने आखले: तारीख, रस्ता, वजन, हवा, ताप.

"महिनाभर लिहा. मग या."

"महिनाभर? मला पुढच्या आठवड्यात फेरी आहे."

"मग लिहायला बरंच झालं."

"तुम्ही मेकॅनिक आहात की शाळामास्तर?"

"ताई, डॉक्टर ताप बघितल्याशिवाय सुई देतो का? आधी काटा, मग पाना."

ही त्यांची रीत होती आणि तिला अपवाद नव्हता. महिनाभर वही लिहिल्याशिवाय ते कुणाच्याही गाडीच्या हवेला हात लावत नसत. निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळायची. चाचांना त्याचं सुख व्हायचं. "गाळणी हाय ती," म्हणायचे.

मला वहीचा राग आला नाही. मी यंत्रं जुळवणारी बाई. दुधातली फॅट अंदाजानं सांगणाऱ्या गवळ्याशी माझं रोजचं भांडण. महिन्यानं वही नेऊन दिली. चाचांनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचलं, बोट फिरवत, एखादी पत्रिका बघावी तसं. मग विचारलं, "हे आकडे गाडी चालवताना लिहिले?"

"नाही. गाडी थांबवून. लगेच."

"लई लोक रविवारी बसून तीस दिवसांचे एकदम लिहितात. एकाच पेनानं, एकाच हातानं. मला कळतं." मग वही मिटून म्हणाले, "तुम्ही दुधाची मशीन जुळवता ना? म्हणजे आपण एका जातीचे."

माझ्या आयुष्यात जातीवरून मिळालेली ही एकमेव शाबासकी.

त्यांनी काट्यांची गंमत केलेली मला एकदाच दिसली. मी दुकानात बसले होते. सोन्याच्या साखळीवाले एक गृहस्थ नवीकोरी गाडी घेऊन आले. त्यांना डॅशबोर्डवर पाच काटे हवे होते, निळ्या लाइटचे. चाचा कधी नव्हे ते पटकन हो म्हणाले. चार दिवसांनी मी पुन्हा तिथं असताना गृहस्थ गाडी न्यायला आले. पाच काटे झगमगत होते. चाचांनी त्यांना सीटवर बसवलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"हा काय सांगतो?"

"हवा."

"हा?"

"हा… ऑइल?"

"ऑइलचं काय?"

गृहस्थ साखळी चाचपायला लागले.

"हा तिसरा?"

"चाचा, सोडा ना, दिसायला भारी दिसतंय."

चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तीन काटे उतरवून डब्यात भरून त्यांच्या हातात दिले. "हे वरातीत लावा, घोड्याला. जो काटा वाचता येत नाय, तो गाडीत ठेवू नका. संकटात माणूस चुकीच्या काट्याकडं बघतो."

पडद्यामागून शकीलाभाभींचा हसण्याचा आवाज आला. भाभी म्हणजे चाचांची बायको. बाहेर क्वचित यायच्या, पण दुकानातलं सगळं त्यांना ऐकू यायचं. चहा तयार झाला की त्या पातेल्यावर चमचा वाजवायच्या. पूर्वी दोनदा वाजवायच्या. पुढं पुढं चार-पाचदा, मग पातेलंच आपटायला लागल्या. मी ऐकत होते. पण ते नवरा-बायकोचं काहीतरी असेल म्हणून मी त्यात डोकं घातलं नाही.

माझ्या गाडीला कंट्रोलर बसला तो असा, वहीनंतर. गाडी कारखान्यातून आली तेव्हाची हवा आठ दशांश किलो होती. किलो म्हणजे प्रेशरचा किलो, त्यांच्या जुन्या खात्यातला शब्द. चाचांनी ती एकवर आणली, त्याच्या वर केसभरही नाही. एक पूर्णांक एक दशांशवर त्यांनी काट्याच्या काचेवर लाल रेघ मारली. रंग भाभींच्या नेलपॉलिशचा. "ह्याच्या पुढं गेला तर पाय उचलायचा. विचार करायचा नाय, मला फोन करायचा नाय. आधी पाय."

सहा-सात वर्षं गाडी तशी चालली. घाटात मी ट्रॅक्टर मागं टाकत होते. हॉर्न मी पण वाजवला एकदा, खोटं कशाला बोलू.

मग जुना कंट्रोलर झिजला. हवा कधी नऊ दशांश, कधी एक, असं व्हायला लागलं. चाचांनी नवा मागवला, चांगल्या प्रतीचा, बारीक आट्यांचा. हवेचा काटाही बदलला. नवा काटा मास्टरसमोर उभा राहून पास झाला, त्याच्याही काचेवर लाल रेघ आली. नळ्या नव्या टाकल्या, क्लिपा नव्या. संध्याकाळी पाचला आम्ही नेहमीसारखे निघालो. ते शेजारी, बेल्ट, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

नगर नाक्याच्या आधी मी गाडी जरा दाबली. काटा एकवर गेला आणि थरथरला. थोडासाच, पण माझ्या डोळ्याला थरथर कळते, तोच माझा धंदा. मी म्हटलं, "चाचा, काटा थरथरतोय."

ते काही बोलले नाहीत. डोळे मिटलेले, मान जरा तिरकी. मला वाटलं, कान लावलाय. बोलू नका हा त्यांचा नियम होता. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दुकानापाशी आल्यावर ते म्हणाले, "साफ."

चाचा साफ म्हणाले म्हणजे साफ. मी घरी येऊन सवयीनं वहीत लिहिलं: हवा एक. काटा थरथरला. चाचांना सांगितलं. चाचा बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी घाट. गाडीत चार यंत्रं आणि एक दूध थंड करायच्या टाकीचा कॉम्प्रेसर. खालच्या वळणांवर काटा एकवर होता. मधल्या वळणावर त्यानं लाल रेघ ओलांडली आणि थांबला नाही. सव्वा. दीडला टेकला. तापाचा काटा सातशेच्या पुढं. मी पाय उचलला. विचार केला नाही, फोन केला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, रांगत, मागच्यांच्या शिव्या खात अजिंठा गाव गाठलं.

एका हॉटेलसमोर बॉनेट उघडलं. हॉटेलच्या मालकांना म्हटलं, जरा आत बसून ॲक्सिलरेटर दाबा. त्यांनी दाबला. झडपेच्या नळीपाशी फुसफुस ऐकू आली. स्वच्छ, कुणीतरी दातातून हवा सोडावी तशी. नळीची क्लिप नीट आवळलेली नव्हती. चढावर जोर आला तशी नळी आणखी सरकली होती, खबर झडपेपर्यंत पोचतच नव्हती आणि पंखा बेलगाम कोंबत सुटला होता. आणखी दोन वळणं दाबली असती तर इंजिन तिथंच बसलं असतं. घाटात, ट्रकच्या पुढं.

मी नळी बसवली, क्लिप आवळली आणि बॉनेट धरून उभी राहिले. क्लिप सैल राहणं हे काही मोठं नाही, माझ्याकडूनही राहते. पण ती फुसफुस मला ऐकू आली. माझ्यासारख्या साध्या कानाच्या बाईला, रस्त्याच्या कडेला, एसटीचा हॉर्न वाजत असताना. ज्यांना बोटभर चीर डोळे मिटून ऐकू यायची त्यांना ती दुकानात ऐकू आली नव्हती. मग थरथरणारा काटा आठवला. मग पातेलं आठवलं.

चाचांना हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे मला माहीत होतं. त्यांच्या दुकानाला पाटी नसती तरी चाललं असतं. लोक त्यांच्याकडं कानासाठी येत. न सांगावं असंही क्षणभर वाटलं. नळी मी बसवली होतीच. पण मग पुढची गाडी कुणाची असेल आणि ती कुठल्या घाटात असेल?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. चाचा काट्याच्या काचेवर फुंकर मारून फडकं फिरवत होते. मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. घाटाची ओळ वाचली. मग बोट वर सरकलं, तीन दिवस आधीच्या ओळीवर थांबलं.

"तुम्ही सांगितलं होतं?"

"हो."

"कधी?"

"नगर नाक्याच्या आधी. तुम्ही डोळे मिटले होते."

त्यांनी चष्मा उतरवून वहीवर ठेवला. मग म्हणाले, "मी ऐकलंच नाय, ताई."

पडद्यामागून आवाज आला, "दो बरस से बोल रई मैं. सुनतेच नई." मग भाभी स्वतः बाहेर आल्या. मी त्यांना दुकानात उभं राहिलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मेरा बोलना सुनते नई, वो ठीक. गाडी का बी सुनते नई, और वो किसी कू बोलते बी नई."

चाचा वर न बघता म्हणाले, "ताई, हे छावणीत कळलं तर उद्या दुकानासमोर कुत्रं बी उभं राहणार नाय. कारखाना धरून चाळीस वर्षं झाली. मला दुसरं काय येतं?" फडक्याची घडी घालत, "बंदच करतो. बाईमाणूस घाटात अडकलं असतं माझ्यापायी."

अशा वेळी लोक खांद्यावर हात ठेवतात, काहीतरी गोड बोलतात. मला ते जमत नाही. शिवाय त्यांना ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागणार होतं, आणि ओरडून गोड बोलता येत नाही.

"बंद करा!" मी म्हटलं. "पण आधी माझी गाडी नीट करा. आणि मला एक सांगा. तुमची वही कुठं आहे?"

"कसली वही?"

"मला महिनाभर लिहायला लावलीत. सगळ्या शहराला लावलीत. आधी काटा, मग पाना. आणि स्वतः गाडीत डोळे मिटून बसता. शेजारी काटा होता चाचा, तुमच्या हातानं बसवलेला, मास्टरनं पास केलेला. तुम्ही डोळे उघडले असते तर दिसला असता."

भाभींनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं, जरा जास्त झालं. चाचा उठले, माझ्या गाडीपाशी गेले, बॉनेट उघडलं. क्लिप तपासली. मग ड्रॉवरमधून तांब्याची तार काढली आणि क्लिपवर तीन वेढे घातले, टोक आत वळवलं. एका नळीवर झालं, दुसरीवर केलं, गाडीतल्या हवेच्या प्रत्येक सांध्यावर केलं. काट्याच्या मागच्या नळीवर गरज नव्हती, तिथंही केलं. दोन तास लागले. मी स्टुलावर बसून राहिले. मध्ये चहा आला. पातेलं वाजलं नाही, भाभींनी कप नेऊन थेट हातात दिला.

निघताना चाचा एवढंच म्हणाले, "कान सैल झाला, तर तार लावायची."

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दुकानाबाहेर, 'टर्बो'च्या खाली, एक पाटी टांगलेली. खडूनं, त्यांच्या नीट अक्षरात: *कानाचं काम बंद. काट्याचं चालू. मोठ्यानं बोला.*

छावणीत चर्चा झालीच. काही गिऱ्हाइकं गेली. एक जण तर मला म्हणाला, "म्हातारा बहिरा झाला, आता काय राहिलं?" मी त्याला म्हटलं, वही राहिली. चाचांनी दुकानात नवा थाट मांडला होता. नळ्यांत हवा भरायची, सगळी तोंडं बंद करायची आणि मास्टरसमोर पाच मिनिटं बसायचं. काटा उतरला तर गळती आहे. मग सांध्या-सांध्यावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला की सापडली. पूर्वी नगर नाक्यापर्यंत एका फेरीत व्हायचं त्याला आता अर्धा दिवस लागायचा. पण सुटत काही नव्हतं. गेलेल्यांतले काही परत आले, साखळीवाले गृहस्थ धरून. त्यांच्या गाडीत दोनच काटे होते, आणि वही.

कानाचं मशीनही घेतलं. दुकानात ग्राइंडर सुरू झाला की ते शिट्टी मारायचं, म्हणून फक्त घरात घालायचे. भाभींची तक्रार होती की आता उलट उत्तरं मिळतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीतच. कंट्रोलर पुन्हा एकदा तपासायचा होता. मी म्हटलं, नगर नाका सपाट आहे, त्यानं काय कळणार, घाटात चला. ते तयार झाले. भाभींनी डबा दिला. अजिंठा उतरून खाली गेलो, एका डेअरीतून दोन यंत्रं भरली, म्हणजे वजन खरं झालं, आणि चढायला लागलो.

चाचा शेजारी. बेल्ट लावलेला. हात मांडीवर नव्हते. एक तळवा त्यांनी डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि डोळे टक्क उघडे. काट्यावर. वळणं येत होती, दरीत माकडं होती, समोरून गुहा बघून परतणाऱ्यांच्या बसगाड्या होत्या. त्यांनी एकदाही बाहेर बघितलं नाही. मधल्या वळणावर, जिथं तो प्रकार झाला होता, मी मुद्दाम पाय दाबला. काटा एकवर गेला आणि तिथं खिळ्यासारखा उभा राहिला.

"दिसतंय?" मी ओरडले.

"ओरडू नका," चाचा म्हणाले. "दिसतंय."

वर आल्यावर गाडी थांबवायला लावली आणि वही मागितली. पेन खिशातून काढून स्वतः ओळ लिहिली. हवा एक. ताप सहाशे दहा. पुढं शेऱ्याचा रकाना मी नंतर कधीतरी वाढवला होता, त्यात त्यांनी लिहिलं: *डोळ्यानं बघितलं.* छावणीत उतरले, बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि मागं न बघता आत गेले. हाक मारून उपयोग नव्हता.

दोन महिन्यांनी ते गेले. दुपारचे जरा पडले होते, उठले नाहीत. मी तेव्हा फेरीवर होते, मला उशिरा कळलं. मास्टर आता त्यांच्या मुलीकडं आहे. नसरीन आयटीआयमध्ये मीटरं जुळवायलाच शिकवते. तिला फोन केला तर म्हणाली, शुक्रवारीच बाहेर काढते.

तर हे सगळं आज चारला सुरू झालं. सहाला अंधार पडायला लागला तरी मी सीटवरच. काटा हातात, तार तशीच. मग काटा जागेवर बसवला आणि दोन्ही स्क्रू परत आवळले. काचेवरची लाल रेघ मळली होती, ती टूथब्रशनं स्वच्छ केली. तेवढंच काम झालं.

२२ नोव्हेंबर. दहाला पवार आले. डॅशबोर्ड बघून म्हणाले, "ताई, मीटरं?"

"गाडीबरोबर येतील."

"अहो, पण आपलं ठरलं होतं…"

मी त्यांच्या हातात नवी शंभर पानी वही दिली. सकाळी उठून रकाने आखले होते. "महिनाभर लिहा. त्यानंतर काढायचे असतील तर मी स्वतः लासूरला येऊन काढून देते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर गाडी इथंच राहील. चहा घेऊन जा."

पवारांनी वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहा न घेता चावी मागितली. ते स्टेअरिंगवर बसले, मी शेजारी. नगर नाक्यापर्यंत सोबत येते, तिथून रिक्षानं परत जाईन, म्हटलं. रस्ता मोकळा मिळाल्यावर त्यांनी गाडी दाबली आणि कांद्याचा भाव काय चाललाय ते सांगायला लागले.

"काटा बघा," मी म्हणाले.

ते कांद्यावरच होते. म्हणून मी दुसऱ्यांदा म्हणाले, मोठ्यानं.